शहाण्णव पानांची पंगत

माझ्या हातून आजवर पुष्कळ घोटाळे झालेत, त्यातले निम्मे तर तुम्हाला तोंडपाठ आहेत. पण तीनशे माणसांना अगत्यानं जेवायला बोलावून त्यांच्या पानात शाडूची माती वाढणारी बाई तुम्ही दुसरी कुठं पाहिली असेल, तर मला तिचा पत्ता द्या. मला तिच्या गळ्यात पडून रडायचंय!

हसू नका. आधी चहा घ्या. आणि मधेच "अगं, पण तुला कळलं कसं नाही?" असं कुणीही विचारायचं नाही. तो प्रश्न माझ्या नवऱ्यानं विचारून झालाय, मुख्याध्यापकांनी विचारून झालाय, आणि पैठणहून एसटीनं आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनीही विचारून झालाय.

तर, मी तिसरीची वर्गशिक्षिका. शाळा बजाजनगरच्या कडेला. पोरांचे आईबाप आसपासच्या कंपन्यांत कामाला, कुणी पहिल्या पाळीला, कुणी तिसऱ्या. वर्गात मुलं चोवीस. पाढे म्हणाल तर एकदम खणखणीत! झोपेतून उठवून विचारा, बारा आठे? शहाण्णव! खिडकीच्या काचा वाजायच्या.

पण जरा वेगळं विचारा. एका पेटीत बारा आंबे, अशा आठ पेट्या, तर एकूण आंबे किती?

पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागायची. मग कोपऱ्यातून एक आवाज, "मॅडम, अधिक करायचं का गुणायचं?"

"तूच सांग."

"वजा?"

आता काय करावं माणसानं! आंबे वजा करतोय, तेही पेटीतले!

आमचे मुख्याध्यापक जाधव सर. माणूस सज्जन, पण जुन्या वळणाचा. पाढे घोका, घोका आणि उरलेल्या वेळात परत घोका, एवढंच त्यांचं शास्त्र. सराव चाचणीचे पेपर त्यांनी माझ्यापुढं ठेवले. शाब्दिक उदाहरणांच्या जागी चोवीसच्या चोवीस मुलांचे भोपळे.

"मॅडम," सर म्हणाले, "पुढच्या महिन्यात केंद्राची चाचणी आहे. अकरा शाळांना एकच पेपर. वर्ग असाच राहिला तर तिसरी मी घेतो. तुम्ही पहिली घ्या."

मी वरवर "हो सर" म्हटलं खरं. अहो, ही पोरं मी पहिलीपासून वर आणलेली. त्यांची नाकं पुसलेली, त्यांना पेन्सिल धरायला शिकवलेली. त्यातली ती समीक्षा, तिसऱ्या बाकावरची, गणिताच्या तासाला जमिनीकडं बघत बसायची. दोन वर्षांत तिनं एकदाही हात वर केला नव्हता. ही पोरगी हात वर करायच्या आत माझा वर्ग जाणार म्हणजे काय? मी म्हटलं, नाही! काही झालं तरी नाही!

आणि मला कल्पना सुचली. माझ्या आयुष्यातली सगळी संकटं याच वाक्यानं सुरू होतात, हे तुम्ही जाणताच.

पोरांना आंब्यांच्या पेट्या कुठल्या माहीत? बजाजनगरात आंबा येतो तो पिशवीतून, किलोवर. पण पंगत? पंगत प्रत्येकानं पाहिलेली! इतक्या ओळी, प्रत्येक ओळीत इतकी पानं, प्रत्येक पानावर इतक्या पुऱ्या. अख्खा गुणाकार जमिनीवर मांडून ठेवलेला असतो आणि आपण त्याच्यावर वरण ओतून जेवून उठतो!

तर ठरलं. तिसरीच्या वर्गात बाहुला-बाहुलीचं लग्न लावायचं आणि त्याची पंगत मांडायची. आठ ओळी, प्रत्येक ओळीत बारा पानं. दोन पाण्याच्या बाटल्यांना कपडे नेसवून नवरा-नवरी तयार झाले. पोरांनी नवऱ्याचं नाव राहुल ठेवलं, नवरीचं प्रिया. शहाण्णव पत्रावळी आणल्या. पानावर पाच पुऱ्या, दोन जिलब्या. पुऱ्या पुठ्ठ्याच्या, जिलब्या शाडूच्या.

काय सांगू, तो आठवडा असा गेला की सुट्टीची घंटा झाली तरी पोरं उठेनात! "मॅडम, एका पानाला पाच पुऱ्या, तर एका ओळीला साठ लागणार!" असं आपणहून ओरडायला लागली. जिलब्यांना केशरी रंग दिला, वरून डिंकाचा हात फिरवला. अशा चकाकायला लागल्या की एकदा माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. हे लक्षात ठेवा, पुढं हेच अंगाशी येणार आहे.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी कुठली थांबतेय!

लग्न म्हटलं की पत्रिका आली. पत्रिकेत पण गुणाकार! चोवीस मुलं, प्रत्येकानं चार पत्रिका करायच्या. किती झाल्या? शहाण्णव! जेवढी पानं तेवढ्याच पत्रिका. मला माझ्याच हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी फळ्यावर खडूनं त्या ९६ भोवती फूल काढलं.

मजकूर मीच सांगितला. करायचं तर अस्सल करायचं, अर्धवट काम मला आवडत नाही. "सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, हे अगत्याचे निमंत्रण." शनिवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. स्थळ, शाळेचं पटांगण. कोपऱ्यांना हळदकुंकू.

समीक्षा जवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या घरच्या पत्रिकेवर गणपती नसतो. पिंपळाचं पान काढू का?"

"काढ की!"

लगेच अयान उठला. "मॅडम, हमारे में चाँद-तारा रहता."

"काढ बाबा, तूही काढ."

त्यामुळं झालं असं, की एकाच नवरा-नवरीच्या पत्रिका तीन तऱ्हांच्या निघाल्या, आणि ज्याच्या हातात जी पडली त्याला ती आपल्यातलीच वाटली.

आणि खाली पोरांनी आपणहून एक ओळ घातली. तुम्हाला माहितीय ना, आपल्याकडं पत्रिकेच्या तळाशी चिल्लीपिल्ली लिहितात, "माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!" तशी. आता बाहुलीला भाचरं कुठली? तेव्हा पोरांनी लिहिलं, "आमच्या मॅडमकडच्या लग्नाला यायचं हं!"

मी वाचलं. वाचून डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, किती गोड पोरं आहेत माझी! आणि मी म्हणाले, "जा, चार पत्रिका चार घरी द्या. शेजारी द्या, मामाला द्या, आत्याला द्या."

माझा हिशोब काय? की लोक कौतुकानं बघतील आणि पत्रिका फ्रिजवर चिकटवतील. फार तर वीस-बावीस आया येतील, पोरांची पंगत बघतील, टाळ्या वाजवतील. उरलेल्या पानांवर दुसरी-चौथीची पोरं बसवू. मूर्ख बाई! पत्रिकेत बाहुलीचा ब नव्हता. तो लिहायचा हे चोवीसांतल्या एकाच्याही, आणि पंचविसाव्या माझ्याही, डोक्यात आलं नाही. आम्हाला माहीतच होतं ना!

पुढचे तीन दिवस मला देवानं तीनदा सावध केलं, बरं का.

बुधवारी पिठाच्या गिरणीत गेले. गिरणीवाल्या लताताई माझ्या दोन किलोच्या डब्याकडं बघून म्हणाल्या, "मॅडम, एवढंच दळण? लग्न हाय ना शनिवारी? पुऱ्या लागत्याल की!"

मला वाटलं, ही पण आमच्या खेळात सामील झाली. मी हसून म्हटलं, "पुऱ्यांची काळजी नको, ताई. साडेचारशेच्या वर झाल्यासुद्धा! पोरांनी केल्या."

"पोरांनी?"

"हो, वर्गातच. जिलब्या पण. वाळायला ठेवल्यात खिडकीत."

लताताईंनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि डबा गिरणीत ओतला.

गुरुवारी फाटकापाशी समीक्षाचे वडील भेटले. कंपनीतून तडक आलेले, हातात डबा. खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, राग नका धरू, पण आम्ही घरातून किती जणांनी यावं? मोजक्याच माणसांत हाय का?"

"अहो, मोजक्या कशाला? सगळे या! जितकी माणसं जास्त, तितकं पोरांना चांगलं समजेल!"

"व्हय? मंग आबांनाबी बोलावतो पैठणहून. त्यांना लई हौस लग्नाची."

"बोलवा की! आबांना पहिल्या ओळीत बसवू."

मी तर अगदी विरघळले. म्हटलं, बघा, नातीच्या गणितासाठी आजोबा पैठणहून येतायत! शिक्षणाबद्दल केवढी ही आस्था!

शुक्रवारी संध्याकाळी नवरा कंपनीतून घरी आला तो विचारात. "अगं, कँटीनमध्ये दोघं जण म्हणाले, भाभी के यहाँ शादी है और हमकोच नहीं बताया? आपल्याकडं कुणाचं लग्न आहे?"

"राहुलचं."

"कोण राहुल?"

"बाटलीचा."

लग्नाला पंधरा वर्षं झालेला माणूस फार प्रश्न विचारत नाही. "बरं," म्हणाला आणि टीव्ही लावला.

शनिवार उजाडला. पोरांनी पटांगण झाडलं, चुन्याच्या ओळी आखल्या, आठ गुणिले बारा पानं मांडली. पुऱ्या पाच, जिलब्या दोन. प्रत्येक पोराच्या छातीला कागदाचा बिल्ला, "वाढपी". मी पैठणी नेसलेली. हो, पैठणी! केस मोकळे, वर गजरा. म्हटलं, फोटो येतील.

साडेदहाला पहिली रिक्षा आली. तिच्यातून सात बाया उतरल्या, सगळ्या काठापदराच्या साड्यांत. मला आनंद झाला. मग दुसरी रिक्षा. मग सहा मोटारसायकली. मग एक टेम्पो आला आणि त्यातून माणसं उतरतच राहिली. पुरुषांच्या डोक्याला फेटे! एकाच्या गळ्यात हलगी!

मी हसतच होते. फक्त हसू जरा ताठ झालं होतं.

जाधव सर ऑफिसातून बाहेर आले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मॅडम, हे कोण?"

"पालक आहेत, सर."

"आपल्या शाळेचा पटच एकशे दहा आहे."

"उत्साही पालक आहेत."

तोवर माझ्या पोरांनी कारभार हातात घेतला होता. त्यांना कुठं काय चुकलंय! "काकू, तुमचं पान चौथ्या ओळीत सातवं." "मामू, आप तिसरी लाइन में बैठो, पाँचवा." बघता बघता शहाण्णवच्या शहाण्णव पानं भरली. आणि उरलेले? आपल्याकडं दुसऱ्या पंगतीचे लोक काय करतात, सांगायला नको. जेवणाऱ्याच्या पाठीमागं जाऊन उभे राहतात, नजर पानावर ठेवून. तसे ते उभे राहिले. एकेका पाठीमागं दोन-दोन.

एक बाई माझ्याजवळ आली, हातात पाकीट कोंबत म्हणाली, "मॅडम, भाचीचं का पुतणीचं?"

"काय?"

"लगीन हो!"

त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. इतका लख्ख, की डोळ्यांपुढं अंधारी आली.

आणि अहो, पानावर बसलेला माणूस आपल्याकडं उपाशी उठत नाही! शत्रू असला तरी उठवत नाहीत! लोकांनी पाळ्या बदलून घेतल्या होत्या, कुणी सुट्टी टाकली होती, बाया पहाटेपासून नटल्या होत्या. आणि मी त्यांच्यापुढं पुठ्ठा वाढून उभी! माझा वर्ग जाईल, नोकरी जाईल, ते सोडा. या माणसांना मी कुठल्या तोंडानं म्हणू, उठा म्हणून?

मी तोंड उघडायच्या तयारीत होते, तेवढ्यात पहिल्या ओळीतले आबा, समीक्षाचे आजोबा, वाट बघून कंटाळले असावेत. नजर अधू. पहाटेची एसटी धरून आलेला उपाशी माणूस. त्यांनी पानातली जिलबी उचलली.

"आबा, नको!" मी किंचाळले.

कुर्रर्र!

आबांनी जिलबी तोंडात इकडून तिकडं फिरवली. शांतपणे उपरण्यात काढून ठेवली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पाक कमी पडला बगा, मॅडम."

मला रडू फुटलं. खोटं नाही सांगत, तीनशे माणसांसमोर, पैठणीत, गजऱ्यासकट! प्रार्थनेचा माइक हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं. लग्न माझ्याकडचं नाही. भाची नाही, पुतणी नाही. नवरा-नवरी बाटल्या आहेत. पुऱ्या पुठ्ठ्याच्या आहेत. मला पोरांना गुणाकार शिकवायचा होता. चूक पोरांची नाही, माझी आहे, मला माफ करा.

आबांनी विचारलं, "पर तुमाला कळलं कसं नाय?"

"नाही कळलं, आबा."

"बरं. मंग नवरा-नवरी कुठंयत?"

समीक्षा पळत गेली आणि दोन्ही बाटल्या छातीशी धरून घेऊन आली. आबांनी राहुलला हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. झाकण फिरवून बघितलं. मग मान हलवून म्हणाले, "नवरा निर्व्यसनी दिसतोय. आत पाणीच हाय."

पहिल्यांदा हलगीवाला हसला. मग तिसरी ओळ. मग पाठीमागचे. मग अख्खं पटांगण असं हसलं की शेजारच्या गच्च्यांवर लोक येऊन उभे राहिले. मी मात्र रडतच होते, कारण हसून पोट भरत नाही, आणि बारा वाजत आले होते.

तिसऱ्या ओळीतल्या पाचव्या पानावरून अयानचे हनीफमामू उठले. कडक इस्त्रीचा पठाणी, डोळ्यांत सुरमा. त्यांचा धंदा काय, माहितीय? लग्नांत पुलावाच्या मोठाल्या देगी चढवायचा! मामू बाह्या सारत म्हणाले, "मॅडम, रोते क्यों? शादी में आए हैं, तो खाए बगैर थोड़ी जाते! दो देग मँगाता मैं. चावल का बोलो खाली."

तांदूळ मी माझ्या दुकानदाराला फोन करून मागवला. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "राहुलच्या लग्नाचंच ना?" आणि अर्ध्या तासात भाजीची पोती रिक्षात घालून आला. काठापदराच्या बायांनी पदर खोचले आणि पुठ्ठ्याच्या पुऱ्या गोळा करून त्यावरच कांदे चिरायला घेतले. लताताईंनी गिरणी उघडून बेसन आणलं, भज्यांचा घाणा पडला.

आणि तोवर लग्न लागलं! लोक म्हणाले, आलोच आहोत तर लागू द्या. दोन मंगलाष्टकं झाली. मग समीक्षाच्या आईनं पुढं होऊन वंदना म्हटली. मग देगीपाशी उभं राहून मामूंनी दुआ मागितली. शहाण्णव घरांच्या अक्षता पडल्या. असलं भक्कम लग्न बजाजनगरात आजवर कुण्या माणसाचंही लागलेलं नाही.

दीड वाजता पहिली पंगत बसली. खरी. भाज्यांचा पुलाव, भजी, मिरचीचा ठेचा. चोवीस वाढपी बिल्ले लावून धावत होते. जाधव सर मीठ वाढत होते! मी ओळीओळीतून "सावकाश होऊ द्या, सावकाश होऊ द्या" म्हणत फिरत होते आणि मला कुणाच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. आबा मात्र दोनदा पुलाव घेऊन उठले. जाताना टॉवेल-टोपीचा आहेर काढला. मी म्हटलं, "आबा, परत न्या हो, बाटलीला काय करायचीय टोपी?" तर म्हणाले, "मांडवात आणलेला आहेर माघारी नेत नसत्यात," आणि टोपी माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर ठेवून एसटीला गेले. राग धरला नाही हो त्या माणसांनी. एकानंही नाही. याचंच मला आजही राहून राहून नवल वाटतं.

सोमवारी वर्गात पाय टाकायची लाज वाटत होती. जाधव सर बोलावून सांगतील, पहिलीच्या वर्गात जा, याची मी तयारीच ठेवली होती. म्हटलं, जायचंच आहे तर पोरांशी खरं बोलून जाऊ. मी विचारलं, "मुलांनो, मॅडमचं परवा चुकलं. कुठं चुकलं?"

आणि तिसऱ्या बाकावर एक हात वर झाला.

समीक्षाचा!

मी तिच्याकडं बघतच राहिले. ती उठली, फळ्यापाशी आली, खडू घेतला. चोवीस गुणिले चार, शहाण्णव. "इथवर तुमचं बरोबर हाय, मॅडम," ती म्हणाली. मी मान खाली घातली. "पर ही शहाण्णव माणसं नाय. ही घरं हायत. सहकुटुंब लिव्हलं होतं ना आपण? परत्येक घरातून तीन-तीन आले. मंग अजून एकदा गुणायचं होतं. ते तुम्ही गुणलंच नाय."

तिनं शहाण्णवला तिनानं गुणलं. दोनशे अठ्ठ्याऐंशी.

मी विचारलं, "गुणायचंच का पण? अधिक का नाही करायचं?"

तिनं माझ्याकडं अशा दयेनं बघितलं, की काय सांगू! "मॅडम, परत्येक घरातून आले ना!"

मागून तेवीस जण एका सुरात ओरडले, "गुणायचंच!" खिडकीच्या काचा वाजल्या. मला परत रडू आलं, पण ते निराळं होतं. मी त्या पोरीला जवळ घेतलं आणि तिच्या केसांत सगळा खडू लावून ठेवला.

दारात जाधव सर उभे होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. "मॅडम," म्हणाले, "तिसरी तुमच्याकडंच राहू द्या." दोन पावलं जाऊन परत आले. "मात्र हे उदाहरण मी घेतो हं. फार चांगलं आहे."

मी म्हटलं, "घ्या की सर!" घेतो म्हणजे काय करतो, हे विचारायचं मला सुचलं नाही. केंद्राचा पेपर या वेळी काढायचा होता जाधव सरांनी!

अकरा शाळांत छापील पेपर गेला. प्रश्न सातवा. "एका मॅडमनी २४ मुलांना प्रत्येकी ४ लग्नपत्रिका वाटायला दिल्या. प्रत्येक पत्रिकेमागे एका घरातून ३ माणसे जेवायला आली. मॅडमनी जेवण केलेच नव्हते. तर एकूण किती माणसे उपाशी राहिली असती?" पाच गुण.

माझ्या वर्गाला त्या प्रश्नात पैकीच्या पैकी. एकूण एक चोवीस जणांना! आनंदानं मी वर्गात पेढे वाटले.

पण नियम असा, की आपल्या शाळेचे पेपर आपण तपासायचे नाहीत. माझ्याकडं दुसऱ्याच शाळेचा गठ्ठा आला. एकतीस पेपर. लाल पेन घेऊन बसले. एकतीस वेळा स्वतःची फजिती वाचायची आणि तिला गुण द्यायचे! अठराव्या पेपरावर हात थांबला. ना त्या पोराला मी कधी पाहिलेलं, ना त्यानं मला. सुरेख अक्षर. चोवीस गुणिले चार बरोबर शहाण्णव घरे. शहाण्णव गुणिले तीन बरोबर दोनशे अठ्ठ्याऐंशी माणसे. आणि खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, "उत्तर : २८८ माणसे उपाशी राहिली असती. मॅडमला गुणाकार येत नाही."

मी पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. त्या शेवटच्या वाक्यावर फुली मारायला हात शिवशिवत होता हो! पण पायऱ्या बरोबर, उत्तर बरोबर, आणि निष्कर्ष तर त्याहून बरोबर. निमूटपणे पाचपैकी पाच दिले आणि खाली माझी सही केली.